बाबा गप्प होते ते तीन महिने

आमचं घर पिठाच्या गिरणीला खेटून होतं, आणि बाबांचा आवाज त्या गिरणीपेक्षाही मोठा होता. राजूरहून भोकरदनकडे जाताना रस्ता सोडून तीन किलोमीटर आत गेलं की आमची खडकवाडी लागायची. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनने बाबांना तिथे प्रचारक म्हणून पाठवलं होतं. गावात जागा द्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा गिरणीवाल्या दगडूभाऊंनी आपलं पत्र्याचं गोदाम दिलं. आईने दोन जुनी लुगडी जोडून मधोमध पडदा टांगला. पडद्याच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे प्रार्थनेचं देऊळ. रविवारी सकाळी पलीकडे प्रार्थना चालू असायची आणि अलीकडे चुलीवर चहा उकळत असायचा. प्रार्थना लांबली तर आई पडद्याआडून पातेल्यावर झाकणी जरा जोरात ठेवायची. बाबांना बरोबर कळायचं आणि ते 'आमेन'कडे वळायचे.

गिरणीला डिझेलचं इंजिन होतं. धुराच्या नळकांड्यावर दगडूभाऊंनी एक छोटं गाडगं उपडं घातलं होतं, त्यामुळे इंजिन चालू झालं की 'कुक कुक कुक' असा आवाज शिवारभर जायचा आणि दळण टाकायची वेळ झाली हे बायांना रानातसुद्धा कळायचं. रविवारी ती गिरणी हटकून जास्त चालायची. बाबा बरोबर त्याच वेळी उपदेशाला उभे राहायचे. पत्रा थरथरायचा, आमच्या डोक्यावर पिठाची बारीक भुकटी उतरायची आणि बाबा आकाशातल्या बापाबद्दल असे ओरडून सांगायचे, जणू तो बहिरा आहे. ऐकायला सात कुटुंबं. त्यातली दोन शेजारच्या वस्तीवरून चालत यायची. उपासना संपली की सगळ्यांच्या केसांवर सारखंच पीठ असायचं. म्हाताऱ्या बळीआबांचं आणि माझंही. मला त्याचं फार हसू यायचं.

बाबा एरवीही गप्प बसणारे नव्हते. पहाटे तोंड धुताना गायचे, सायकलवर गायचे, कुणाच्या घरी आजारी माणूस बघायला गेले तर आधी दारातून हाक आणि मग गाणं. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या गाड्या गच्च भरून यायच्या तेव्हा फाट्यावर उभे राहून ओळखीच्या प्रत्येक माणसाला नावानं हाक मारायचे. आई त्यांच्या अगदी उलट. तिच्या माहेरी सगळे खडी फोडायला जायचे. ती शाळेत एक दिवसही गेली नव्हती. उपासनेत सगळ्यात मागे, पडद्याला टेकून बसायची. गाणी तिला सगळी पाठ होती, पण ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. तिचं खरं बोलणं हातांत होतं. भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, येसराची आमटी ती अशी करायची की बळीआबा वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंबही सोडत नसत. शनिवारी धपाटे असायचे, रविवारी पाहुणे असले तर गूळ घातलेला शिरा. माझ्या या जालन्याच्या घरात आता मिक्सरवर येसर होतो. नाती बोटं चाटून खातात, पण ती चव नाही, हे मी त्यांना सांगत नाही.

त्या वर्षी कापूस वेचणीला आला आणि बाबांचा घसा बसला. आधी गाण्यातला वरचा सूर फाटायला लागला. मग उपदेशात मधेच आवाज नाहीसा व्हायचा आणि नुसते ओठ हलायचे. आईने हळद-दूध दिलं, मिठाच्या गुळण्या झाल्या, कुणी ज्येष्ठमध दिला. शेवटी आम्ही तिघं एसटीनं जालन्याला गेलो. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि म्हणाले, "गाठी आल्यात. तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर हा आवाज कायमचा जाईल." बाबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. बाबांचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग हळूच मिटलं. परतीच्या प्रवासात फाट्यावर ओळखीची चार माणसं दिसली, तर त्यांनी नुसते हात हलवले. ते पाहून आईनं पदर डोळ्यांना लावला.

बाबांनी माझी शाळेची पाटी घेतली. मी आठवीत होते, पाटी जुनीच पडून होती. पण अडचण अशी की बाबा लिहिणार आणि आईला वाचता येत नव्हतं. त्यामुळे नवरा-बायकोचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालू झालं. बाबा लिहायचे, मी वाचायचे, आई चुलीजवळून उत्तर द्यायची. भांडणंही माझ्यातूनच व्हायची. एकदा बाबांनी रागानं लिहिलं, 'भाजीत मीठ आहे की मिठात भाजी?' मी वाचलं, "बाबा म्हणतात, मीठ किंचित जास्त झालंय." आई म्हणाली, "येवढ्याला दोन ओळी लागल्या व्हय गं?" बाबा आवाज न करता हसायला लागले, खांदे गदगदा हलायला लागले आणि मग आम्ही तिघंही हसलो. हळूहळू आईला तीन शब्द ओळखू यायला लागले. 'चहा', 'नको' आणि 'सुंदरा'. तिसरं तिचं नाव. बाबांनी आयुष्यात कधी तिला नावानं हाक मारली नव्हती, ते 'अगं' म्हणायचे. पाटीवर मात्र 'अगं' लिहिणं त्यांना बरं दिसलं नसावं. पहिल्यांदा ते नाव मी वाचून दाखवलं तेव्हा आई पाटी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली आणि मग भाकरी करपली.

त्याच दिवसांत जालन्याहून मिशनच्या निरीक्षक साहेबांचं पत्र आलं. सात कुटुंबांसाठी एक प्रचारक ठेवणं आधीच जड जात आहे, आता प्रचारकाला बोलताही येत नाही, तेव्हा खडकवाडीचं काम बंद करून बाबांना जालन्याच्या वसतिगृहावर देखरेखीला घ्यावं असा विचार आहे, लवकरच येऊन पाहणी करीन, असा मजकूर होता. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मला मात्र आतून आनंद झाला होता. जालन्यात मोठी शाळा होती, बाजार होता, डोक्यावर पीठ पडत नव्हतं. तो आनंद मी तेव्हा कुणाला दाखवला नाही. आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे.

त्यानंतरच्या शनिवारी आमची शेळी हरवली. आई दुपारभर तिला शोधत हिंडली. कपाशीच्या रानातून, बांधांवरून, अनवाणी. शेवटी ती ओढ्यातल्या बाभळीच्या काट्यांत अडकलेली सापडली. आईने तिला खांद्यावर घालून आणलं. आईचे हात काट्यांनी रक्ताळले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, पाठ वाचला, गाणी झाली आणि मग काय करायचं ते कुणालाच कळेना. बाबा पाटी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसले होते. बळीआबा म्हणाले, "येवढं चालत आल्तो बाबा. कायतरी चार शब्द कानावर पडू द्या. तसंच कसं जावं?" तेवढ्यात पडद्याजवळून आईचा आवाज आला.

"मला वाचता येत न्हाई, आबा. पण काल माझी शेळी हरवल्ती, ते सांगू का?"

मी शरमेनं अर्धी झाले. पण आबा म्हणाले, "सांग की."

आई उभीसुद्धा राहिली नाही. बसल्या जागेवरूनच तिनं सांगितलं. कुठं कुठं शोधलं, कोणाकोणाला विचारलं, काटे कसे काढले. "सापडली तव्हा आधी मी तिला लई शिव्या दिल्या," आई म्हणाली, "आन् मंग तिच्या गळ्यात पडून रडले. मला वाटतंय, देव बी आपल्याला असाच हुडकत असंल. सापडलो की आधी रागावत असंल, मंग रडत असंल. आमचे हे ज्या मेंढपाळाची गोष्ट सांगत्यात ना, ज्याचं शंभर मेंढरांतलं एक हरवतं तो, त्याच्या हाताला बी काटे लागले असतील. ते कुणी सांगतच न्हाई."

गोदामाच्या उघड्या दारात दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया बसलेल्या असायच्या. त्यांचा नंबर लागेपर्यंत सावलीला टेकायच्या. त्यात गावातल्या बड्या शेतकऱ्याघरच्या कौसाबाई होत्या. गावात कोणाचं पीठ जाड, कोणाचं तोंड जाड, हे तोंडावर सांगणाऱ्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "ओ पाद्रीणबाई, ते सगळं बराबर हाय. पण त्यानं बाकीची नव्व्याण्णव मेंढरं कुणापाशी ठिवली?"

उपासनेत असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. आई गोंधळली. मग म्हणाली, "मला बी तेच कोडं पडलंय, कौसाबाई. घरी विचारून पुढल्या ऐतवारी सांगते."

बाबा दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होते. मग त्यांनी भराभर पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्याकडे केली. 'तिला सांग, आज फार चांगलं बोलली.' सगळ्यांसमोर ते वाचायची मला लाज वाटली. मी वाचलंच नाही, पाटी पुसून टाकली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या रविवारी बाया उत्तर ऐकायला आल्या. ("राखणदाराजवळ ठिवली असतील, येवढ्या मेंढरांच्या मालकाला राखणदार नसंल व्हय?" असं आईनं ठरवलं होतं. कौसाबाईंना ते पटलं.) त्याच्या पुढच्या रविवारी आणखी आल्या. शनिवारी दुपारी मी पाठ वाचायचा, आईने भाकरी थापता थापता ऐकायचं, बाबांनी पाटीवर चार शब्द समजावून सांगायचे आणि रविवारी आईने तिच्या बोलीत ते मांडायचं, असा रिवाज पडला. आईचा आवाज बारीक, गिरणीत तो ऐकू यायचा नाही. एका रविवारी 'कुक कुक कुक' मधेच थांबलं. बाबांसाठी जी गिरणी दगडूभाऊंनी कधी क्षणभर बंद केली नव्हती, ती आईसाठी केली. कारण विचारलं तर म्हणाले, "सगळ्या बाया तिथंच बसून राह्यल्या, दळण कोण घालणार? मंग म्हणलं, आपण बी ऐकावं." त्यातल्या कुणीही धर्म बदलला नाही आणि आईनेही कधी तसलं काही विचारलं नाही. तिला गोष्टी सांगायच्या होत्या, त्यांना ऐकायच्या होत्या. उपासनेनंतर मी सगळ्यांना चहा द्यायचे, तेव्हा दारातल्या बाया म्हणायच्या, "आत्ताच पिऊन आलोत." दर रविवारी तेच. आई कधी आग्रह करायची नाही, पण चहा दर वेळी त्यांनाही मोजूनच टाकायची.

निरीक्षक साहेब न कळवताच आले. उपासना नुकती सुरू झाली होती. पांढरा सदरा, काखेत पुस्तक, चपलांवर धूळ. गोदाम भरलेलं, दारात बाया, गिरणी बंद आणि बाबा पोत्यावर सगळ्यांत मागे बसलेले, हे बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"इथे उपदेश कोण करतं?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बाबा लिहायला लागले होते. त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. मी ती आधी मनातल्या मनात वाचली. जालन्याची शाळा, बाजार, सगळं या पाटीवर अवलंबून होतं हे मला कळत होतं. या वेळी मी पुसली नाही. मोठ्यानं वाचलं, "माझी बायको सुंदरा सांगते. मी तिच्याकडून शिकतो आहे."

साहेब एका पोत्यावर बसले आणि म्हणाले, "चालू द्या."

त्या दिवशीचा पाठ विहिरीवर पाण्याला आलेल्या बाईचा होता. आईनं हात पदरात लपवले आणि सुरुवात केली. "ही बाई भर दुपारी पाण्याला आली. आता तुम्हीच सांगा, भर दुपारी पाण्याला कोण जातंय? सकाळी थंडाव्याला सगळ्या जात्यात, गप्पा मारत्यात. दुपारी तीच जाती, जिला बाकीच्या बाया आपल्यात येऊ देत न्हाईत."

"तुला कसं ठावं?" कौसाबाईंनी सवयीनं विचारलं.

आईनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मी बी दुपारीच जायचे, कौसाबाई. नवी नवी ह्या गावात आल्ते तव्हा. तुमच्या समद्यांचं भरून झालं की मंग. आता दारात हापसा आलाय म्हणून कुणाला आठवत न्हाई."

दारातल्या बायांच्या माना खाली गेल्या. मला वाटलं, झालं, आता या उठून जाणार आणि पुन्हा येणार नाहीत. साहेबांच्या समोरच सगळं संपणार. आईला मात्र त्यांचा राग नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती फक्त त्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगत होती.

शेवटी कौसाबाई बोलल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "तव्हा त्या बायांत मी बी व्हते." आणि मग, "बरं, मंग त्या बाईला तुमचा तो येशू काय म्हणला?"

"पाणी दे म्हणला."

"तिच्या हातचं?"

"तिच्याच हातचं."

कौसाबाईंनी दळणाचा डबा बाजूला सारला. त्या उठल्या, उंबरा ओलांडून आत आल्या, आईच्या समोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "सुंदरा, मला पाणी दे."

आई उठली, पण तिला तांब्या सापडेना. समोर होता तरी सापडेना. शेवटी मीच तो तिच्या हातात दिला. कौसाबाईंनी गटागटा सगळा तांब्या संपवला, तोंड पुसलं आणि दाराकडे बघून ओरडल्या, "तुम्ही काय बघून राह्यल्या? या की! च्या बी केलाय तिनं, मला वास येऊन राह्यलाय." आणि मग जी धांदल उडाली! कप कमी पडले. वाट्या काढल्या, झाकण्या काढल्या, दगडूभाऊंनी गिरणीतला आपला पितळी पेला आणून दिला. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, बळीआबांनी मधेच गाणं धरलं आणि आई पहिल्यांदाच मोठ्यानं गायली. उपासना संपली असं त्या दिवशी कुणी म्हटलंच नाही, ती तशीच चहात मिसळून गेली. निरीक्षक साहेबांच्या वाट्याला वाटीतला चहा आला. भाजल्यामुळे ते ती या हातातून त्या हातात घेत होते आणि कौसाबाई त्यांना फुंकर मारायला सांगत होत्या.

जाताना बाबा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला निघाले, मीही पाटी घेऊन बरोबर होते. गाडी दिसल्यावर साहेब म्हणाले, "तीस वर्षं मी ही विहिरीची गोष्ट सांगतो आहे. ती दुपारी का आली, याचा मी कधी विचार केला नव्हता." गाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता ते बाबांकडे वळले. "काम बंद करण्याचा विषय मी काढणार नाही. आणि तुम्ही, घसा बरा करायची मुळीच घाई करू नका." पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, बायकोला घेऊन.

जालना मला पुढे मिळालं. परिचारिकेचं शिक्षण तिथेच झालं, नोकरी झाली, संसार झाला. पण त्या दिवशी फाट्यावरून परत येताना मला जालन्याला जायची बिलकुल घाई राहिली नव्हती.

तीन महिने संपले. डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि म्हणाले, "गाठी गेल्या. उद्यापासून थोडं थोडं बोला." दुसरा दिवस रविवार होता. बातमी गावभर झाली होती. बाबा काय बोलणार हे ऐकायला पाऊल ठेवायला जागा नव्हती. आईने बाबांचा सदरा धुऊन ठेवला होता आणि ती पडद्याला टेकून आपल्या जुन्या जागी जाऊन बसली होती. आपलं काम झालं, असं तिला वाटत होतं.

बाबा उठले. सगळे थांबले. त्यांनी आईच्या जवळ जाऊन तिला हाताला धरून उठवलं, पुढे आणून बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बायांच्या शेजारी पोत्यावर बसले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिनं डोळे पुसले, घसा खाकरला आणि त्या दिवशीच्या पाठाची गोष्ट सांगायला लागली. वादळात सापडलेल्या होडीची. होडीत पाणी शिरलं, माणसं घाबरली आणि आई श्वास घ्यायला जरा थांबली.

तेव्हा मागून एक खरखरीत, अनोळखी वाटावा असा आवाज आला. तीन महिन्यांनंतरचे बाबांचे ते पहिले शब्द होते.

"मंग? पुढं काय झालं, सुंदरा?"